यष्टीमागचे अंतर

थंडी आल्याची वर्दी मला वर्तमानपत्राच्या आधी डाव्या हाताच्या करंगळीकडून मिळते. दिवाळी होऊन जाते, पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यावर धूसर थर दिसू लागतो, कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर संत्र्याच्या सालीचा आणि तणसाचा एकत्र वास ठेवून जातात. मग एखाद्या सकाळी स्वेटरच्या गुंड्या लावताना करंगळी वळायचे नाकारते. हे बोट सरळ नाही. मधल्या पेराशी ते बाहेरच्या बाजूला झुकलेले आहे, एखाद्या माणसाने बोलता बोलता मान वळवावी तसे.

त्याच सुमारास दरवर्षी काटोलच्या बसने एक करंडी येत असे. कंडक्टर ती स्टँडवरच्या पानवाल्याकडे ठेवी आणि पानवाला निरोप धाडी. करंडीत आंब्या बहाराची संत्री, वर तणस. सोबत चिठ्ठी कधीच नसे. निरोप तोंडी, कंडक्टरकडून पानवाल्याकडे आणि पानवाल्याकडून माझ्याकडे, आणि एवढ्या तोंडांतून फिरूनही तो कधी बदलत नसे: "पंडितले विचारजा, बोट बोलून राहिलं का म्हणून."

या वर्षी बोट बोलते आहे. करंडी आलेली नाही. मोरेश्वर पावसाळ्यात गेला.

त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. काटोलजवळच्या खेड्यातल्या संत्र्याच्या बागेतून निघून देशासाठी नवा चेंडू हाती घेणाऱ्या त्या माणसाविषयी लिहावे तेवढे थोडेच. शोकसभेत माझेही नाव पुकारले गेले. मी उभा राहिलो, हात जोडले आणि बसलो. बोलणे मला कधीच साधले नाही. आयुष्यभर महाविद्यालयात संस्कृत शिकविले, म्हणजे दुसऱ्यांनी नीट बोलून ठेवलेले समजावून दिले. स्वतःचे वाक्य उभे करण्याची ही सुरुवात फार उशिराची आहे आणि ती अडखळणारच. पण सभेतल्या सगळ्यांनी मोरेश्वरला बाजूने पाहिले होते. मी त्याला समोरून पाहिले. मी यष्टिरक्षक होतो.

समोरून फलंदाजही पाहतो हे खरे, परंतु त्याला स्वतःचा जीव सांभाळायचा असतो. यष्टिरक्षकाला फक्त वाट पाहायची असते. गुडघे वाकवून, तळवे उघडे ठेवून, दूरवरून धावत येणाऱ्या एका माणसाकडे तो इतका वेळ पाहतो, की आई आपल्या मुलाकडेही तेवढा वेळ निश्चल पाहत नसेल. मोरेश्वर दमला की त्याचा डावा खांदा किंचित आधी उघडे. घरी काही बिनसले असले की तो चेंडू पँटला नेहमीपेक्षा जास्त घाशी. हे त्याने कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही.

यष्टिरक्षकाचे सारे शास्त्र एका प्रश्नात मावते: उभे कोठे राहावे. वेगवान गोलंदाजाला तो यष्टींपासून दूर मागे उभा राहतो, आणि किती दूर हे गोलंदाजाच्या वेगावर ठरते. टप्पा घेऊन वर आलेला चेंडू खाली वळू लागतो तेथे, छातीच्या खाली आणि कमरेच्या वर, तो हातात यावा. जागा चुकून पुढची झाली तर चेंडू डोक्यावरून जातो. मागची झाली तर तो पायाशी येतो, आणि बॅटची कड घेऊन आलेला झेल हातांच्या अलीकडे जमिनीवर मरतो. सामन्याच्या सकाळी मी बुटाच्या टाचेने गवतावर एक रेघ ओढीत असे. मोरेश्वरच्या वेगाची खरी नोंद, मला वाटते, एवढीच होती. ती दुपारपर्यंत पुसून जाई.

कॉलेजच्या दिवसांत आम्ही चटईवर खेळलो. काथ्याची लांब चटई, कडांना ठोकलेले खिळे, दवाने ओली झाली की तिला गोठ्यासारखा वास येई. तिच्यावर पडलेला मोरेश्वरचा चेंडू डिवचलेल्या जनावरासारखा उसळे. तो शिकायला नागपूरला आला होता. कॅनव्हासचे बूट घालून पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा मी इतर गोलंदाजांना उभा राहतो तेथे उभा राहिलो. पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून सीमेपार गेला. मी मागे सरलो. पुन्हा सरलो. आमच्या पहिल्या स्लिपमध्ये दिगंबर उभा राही, पुढे कचेरीत लागला तो. यष्टिरक्षक हलला की स्लिपलाही हलावे लागते. तिसऱ्यांदा मागे सरताना तो म्हणाला, "पंडित, आता अजून सरकलो तं थेट वर्ध्याले पोचतो आपण. मी घरी सांगून नाही आलो गा."

त्याच हिवाळ्यात ही करंगळी गेली. पायांच्या बाजूने सुटलेला चेंडू अडवताना ती हातमोज्याच्या शिवणीत सापडली. मोरेश्वर अर्ध्या खेळपट्टीवरून विचारीत आला, लागले का म्हणून. मी नाही म्हटले. त्याने माझा हातमोजा स्वतः काढला, बोटाकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे.

"खोटं बोलाले तुले येत नाही, पंडित. बोलत नको जाऊ."

सायंकाळी त्याने वसतिगृहात हळद आणि गूळ कालवून लेप आणला. बोट वाकडेच जुळले. संस्कृत घेतल्यामुळे पडलेल्या पंडित याच नावाने तो मला त्यानंतर हाक मारीत राहिला. आरंभी त्या हाकेत असलेली थट्टा पुढे कधी झिजून गेली ते कळले नाही.

मग तो गेला, फार दूर. ज्या गावांची नावे मी नकाशात शोधीत असे तेथे तो धावत येऊन चेंडू टाकीत होता. मी धंतोलीतल्या खोलीत रेडिओपाशी बसे. समालोचकाचा आवाज लाटेसारखा येई आणि विरून जाई. फलंदाज चकला, असे तो सांगे. कड लागली, झेल घेतला, असेही सांगे. परंतु चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात किती उंचीवर आला हे कोणीच सांगत नसे, आणि मला तर तेवढेच हवे असे. कधी कधी माझे तळवे आपोआप छातीसमोर उघडत. पत्नी दळण निवडता निवडता हसे. तिने एकदा विचारले, तुम्ही काहून हात पसरून बसता, कोणी काही देणार आहे का. मी हात मांडीवर घेतले.

परदेशातला तो सामना त्याने एकट्याच्या बळावर जिंकून दिला, त्यानंतर नागपूरच्या स्टेशनावर त्याच्या स्वागताला उसळलेली गर्दी आजही जुन्या लोकांना आठवते. झेंडूच्या माळांतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. मी पुलाच्या कठड्याशी उभा होतो. खाली उतरवल्यावर त्याने आधी उजवा पाय टेकवला आणि मग, जरा थांबून, डावा. ज्या पायावर तो चेंडू सोडताना सारे अंग झोकून देई तो हा डावा पाय. तेवढ्या गर्दीत ते थांबणे कोणी पाहिले नसावे. मला मात्र त्या दिवशी आनंद पुरता झाला नाही.

वेग एका दिवसात जात नाही. प्रत्येक हिवाळ्यात मोरेश्वर दोनचार सामन्यांपुरता घरच्या संघात येई, आणि प्रत्येक हिवाळ्यात माझी टाच रेघ ओढण्यापूर्वी थोडी घुटमळे. एका वर्षी रेघ मागच्या वर्षीच्या अगदी जवळ, पण पुढे पडली. दिगंबर म्हणाला, चला, वर्धा राहिली, अलीकडच्या बुटीबोरीवर निभावले. पुढच्या वर्षी पुन्हा थोडी पुढे. त्या वर्षी दिगंबरने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

मला जो हिवाळा सांगायचा आहे तो त्याच्याही नंतरचा. मोरेश्वरला देशाच्या संघातून वगळल्याला एक हंगाम झाला होता. आणखी एक परदेश दौरा ठरत होता. निवड समितीचे एक गृहस्थ आमचा घरचा सामना पाहायला येणार होते, आणि त्याच्या नावाचा निकाल त्या सामन्यावर लागायचा होता. सामन्याच्या आधीच्या रविवारी त्याने मला बागेत बोलावले.

डिसेंबर होता. फळ उतरून गेले होते. आंब्या बहार घ्यायचा असला की आमच्याकडचे बागाईतदार या दिवसांत झाडांचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाण्यावाचून झाडे पाने मिटून घेतात, पिवळी पडतात, पाहणाऱ्याला वाटावे बाग मेली. मग ठरल्या वेळी पाणी सोडले की तहानलेले झाड सर्वांगाने फुलते. हे निष्ठुर वाटते, पण बहार त्याच्यावाचून येत नाही. मोरेश्वरचे वडील, सारे गाव त्यांना अण्णाजी म्हणे, मला बांधावरून फिरवून दाखवीत होते. सगळी बाग मलूल होती. पूर्वेच्या कोपऱ्यातली चार जुनी झाडे तेवढी हिरवी होती, त्यांच्या आळ्यांत ओल दिसत होती. मी कारण विचारले.

"त्याईले ताण सोसत नाही आता," अण्णाजी म्हणाले. "देला तं बहार येईन एखादा, पण झाड जाईन. त्याईचं पाणी चालू ठेवतो. देतीन ते देतीन."

मोरेश्वर आमच्या मागून येत होता. अण्णाजींनी ते त्याला ऐकवण्यासाठी म्हटले होते काय, हे मला सांगता येणार नाही. ते विहिरीकडे निघून गेले, तेव्हा तो एका जुन्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. पुष्कळ वेळ त्याने चेंडू नसलेल्या बोटांत चेंडू फिरवला.

"एक बहार अजून घेईन म्हणतो," तो म्हणाला.

मी म्हटले, गुडघा कसा आहे. त्याने प्रश्न बाजूला ठेवला. मग जे मागायचे होते ते त्याने मागितले, माझ्याकडे न पाहता. निवड समितीवाला मंडपात बाजूला बसेल, तो म्हणाला. बाजूने चेंडूचा वेग कोणाला कळत नाही.

"त्याले चेंडू नाही दिसत. तू दिसतं. तू कुठं उभा आहे ते पाहून तो माझा वेग मोजते. तू जुन्या जागी उभा राहजो, पंडित. आपल्या पहिल्या वर्षीच्या."

मी आळ्यातले एक वाळके पान उचलले.

"तोंडानं तुले खोटं बोलता येत नाही, मले मालूम आहे," तो म्हणाला, आणि हसला. "पायानं तं येईन?"

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी त्याचा विचार करीत आलो. संध्याकाळच्या धुक्यात कोराडीच्या वीजकेंद्राच्या बाजूला धुराची एक आडवी पट्टी दिसत होती. संस्कृतात औचित्य या शब्दावर मी तासन्‌तास बोललो आहे: प्रत्येक गोष्टीची तिची तिची जागा. त्या दिवशी मला कळले, की एखाद्या माणसावर आपले प्रेम असले म्हणजे आपण त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवतो आणि तो तेथे राहिला नाही तरी ती हलवीत नाही. पुष्कळ घरांत हे चालते. वडिलांचा आवाज क्षीण झाला तरी मुले पूर्वीइतक्याच दुरून त्यांची हाक ऐकू पाहतात, आणि ती पोहोचत नाही.

सामन्याच्या सकाळी मी जुन्या जागी गेलो. रेघ ओढली. दिगंबर येऊन माझ्या बाजूला उभा राहिला, यष्टींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. वर्धा आली होती, आणि त्याच्यासारख्या माणसाने ते बोलून दाखवले नाही. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही.

सिव्हिल लाइन्सच्या झाडांवर अजून धुके होते. चटई केव्हाच गेली होती, आता गवताची खेळपट्टी होती. मंडपात शाल पांघरून, दुर्बीण घेऊन बसलेले ते गृहस्थ मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते. मोरेश्वर धावत आला. खांदा तोच, उडी तीच, मनगटाचा तो शेवटचा झटका तोच. चेंडू उत्तम टप्प्यावर पडला, फलंदाज चकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात चेंडू आला तेव्हा माझे हातमोजे गवताला टेकले होते. मी तो छातीपर्यंत वर उचलला, जणू तेथेच घेतला असावा असा, आणि दिगंबरकडे फेकला. असे आणखी काही चेंडू गेले. प्रत्येक वेळी मी वाकत होतो आणि प्रत्येक वेळी ताठ होत होतो.

त्याच्या दुसऱ्या षटकात कड लागली. तो आवाज चुकत नाही. कोरड्या लाकडावर नखाने टिचकी मारावी तसा. त्यांचा सलामीचा फलंदाज, संघाचा सगळा भार ज्याच्यावर होता तो, थबकून मागे पाहू लागला. मी पुढे झेपावलो. चेंडू माझ्या बोटांच्या अलीकडे पडला, एकदा उडाला आणि मग हातात आला. मंडपातून हळहळ ऐकू आली. फलंदाजाचे नशीब, असे सगळ्यांना वाटले. झेल पोहोचला नाही याचे कारण मैदानात तीनच माणसांना ठाऊक होते.

मोरेश्वर खेळपट्टीच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभा होता. तो फलंदाजाकडे पाहत नव्हता. तो माझ्या पायांकडे पाहत होता. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, वसतिगृहाच्या दिवसांत हातमोजा काढून पाहिले होते तसे. तो वळला आणि धाव सुरू करण्याच्या खुणेपर्यंत चालत गेला. डावा पाय जरा जपून टाकीत होता. खुणेवर पोहोचून तो फिरला. सारे मैदान त्याच्या धावण्याची वाट पाहत होते.

तो धावला नाही. त्याने उजवा हात वर केला आणि तळहाताने मला पुढे बोलावले.

मी जागचा हललो नाही. मला वाटले, आपण चुकीचे पाहिले. त्याने पुन्हा बोलावले, आता संपूर्ण हाताने, मंडपातल्या शेवटच्या माणसालाही दिसावे असे. मी एक पाऊल आलो. तो बोलावीतच राहिला. शेतात बैल वळवणाऱ्याला लांबून खूण करावी, तशा सावकाश आणि सरावाच्या हालचालीने तो मला आणीत गेला, दिगंबरला आणीत गेला, आणि योग्य जागा आली तेव्हा त्याने तळहात मिटला. मी मागे पाहिले. माझी जुनी रेघ बरीच मागे, दवात एकटी पडली होती. मंडपात त्या गृहस्थांनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

त्या षटकातच पुन्हा कड लागली. चेंडू माझ्या छातीशी आला. मला हलावेही लागले नाही. इतका नेमका, इतका स्वच्छ चेंडू त्याच्याकडून मी त्याच्या ऐन बहरातही घेतला नव्हता, असे मला त्या क्षणी वाटले, आणि मग ध्यानात आले की चेंडूत उणे काहीच नव्हते. उणे होते ते आमच्या दोघांमधल्या अंतरात.

दौऱ्याची नावे रेडिओवर सांगितली गेली. त्याचे नव्हते. तो हंगाम संपताच त्याने खेळणे थांबवले. निरोपाचा सामना नाही, भाषण नाही. लोकांना चुटपुट लागून राहिली. वर्तमानपत्रांत गुडघ्याविषयी चार ओळी आल्या.

फेब्रुवारीत मी काटोलला गेलो. बसमधून उतरण्यापूर्वीच वास आला. संत्र्याच्या फुलांचा तो वास गोड असतो, परंतु त्याच्या तळाशी काहीतरी कडू असते, आणि ते कडूच मागाहून लक्षात राहते. ताण सुटला होता, पाणी सोडून पुष्कळ दिवस झाले होते, सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरली होती. मोरेश्वर फावड्याने दांडाचे पाणी वळवीत होता. आम्ही पूर्वेच्या कोपऱ्यात गेलो. जुन्या झाडांवरही फुले होती. थोडी, फांदीफांदीच्या टोकाला, कोणी न मागता दिलेली.

मी विचारले, त्या दिवशी तू मला का बोलावलेस.

त्याने फावडे पुसले. पाणी आळ्यात शिरेपर्यंत तो पाहत राहिला.

"तू वाकून चेंडू घेऊन राहिला होता," तो म्हणाला, "अन् लोकाईले दिसू नाही म्हणून वर उचलून राहिला होता. मले ते पाहवलं नाही गा."

त्यानंतर त्या सामन्याचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. दरवर्षी करंडी येत राहिली. तिच्यातली संत्री कोणत्या झाडांची आहेत हे त्याने कधी कळवले नाही. ती आकाराने लहान असत आणि साल जाड असे, म्हणून ती जुन्याच झाडांची, असे मी मनाशी ठरवले होते.

परवा सकाळी फिरायला गेलो असता मैदानापाशी थांबलो. कोठल्यातरी दोन संघांचा सराव चालू होता. एक नवा मुलगा वेगाने चेंडू टाकीत होता आणि त्याचा यष्टिरक्षक जागा शोधीत मागे मागे सरत होता. त्यांचे जग आता मागे सरण्याचे आहे. धुक्यामुळे पलीकडचे टोक मला नीट दिसत नव्हते. तरी सवयीने मी त्या बाजूला पाहत राहिलो, जेथे कोणी वळून उभे राहील तेथे. बोट ठणकत होते. मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि कठड्याच्या अलीकडे, होतो त्या जागी, दोन्ही तळवे छातीशी थोडेसे उघडून उभा राहिलो. आपण होऊन पुढे जाणे मला कधी जमले नाही. मोरेश्वरचा हात वर झाला, की जाईन.